लॅबचं पिल्लू घ्यायचंय : खानदेशात धड ब्रीडर कसा ओळखायचा?

वाघूरकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. घरात कुत्रं आणायचं हे एकदाचं ठरलंय. मुलगी पाचवीत आहे, ती कधीची मागे लागलीय. आता आईनेही होकार दिला (अट एकच, देवघराच्या उंबऱ्याच्या आत नाही). जात लॅब्राडॉर. यावर घरात रीतसर मतदान झालंय, त्यामुळे "लॅब नको, बीगल घ्या" असा धागा वळवू नका ही नम्र विनंती.

अडलंय ते घ्यायचं कुठून यावर. जळगावात चौघांना विचारलं तर पाच नंबर मिळाले. एक म्हणतो, "डबल बोन, हेवी हेड, पस्तीस दिवसांचं आहे, आजच न्या, उद्या राहणार नाही." दुसरा म्हणतो, तुम्ही कशाला येता, पिल्लू दारात आणून देतो. तिसऱ्याचं दुकान आहे, तिथे काचेच्या पेट्यांत लॅब, पग, शिट्झू शेजारीशेजारी झोपलेले. कागद सगळेच देणार, पण "त्याचे वेगळे".

यातला नीट माणूस कोणता हे कसं ओळखायचं? काय विचारायचं, काय बघायचं? केसीआयचा (केनेल क्लबचा वंशावळीचा) कागद असला की निर्धास्त राहायचं का? नाशिक, इंदूर, पुण्यापर्यंत जायची तयारी आहे.

———

मिरचीठेचा (पाचोरा)

डबल बोन म्हंजे काय भो? पायमा दोन-दोन हाडकं शेतस का?

———

निंबोळी (धुळे)

स्पष्ट बोलते, राग मानू नका. विकत घेऊच नका. आमच्या देवपुरात दर पावसाळ्यानंतर गल्लोगल्ली पिल्लं असतात, निम्मी गाड्यांखाली जातात. त्यातलं एक उचला, लस द्या, वाढवा. धुळ्या-जळगावचा मे महिना त्या कुत्र्याच्या रक्तात आहे. लॅबला थंड पाण्याचं टब लागेल, गावठी कुत्रं माठाखालच्या ओलीवर झोपून उन्हाळा काढतं. आमच्याकडे असे दोन आहेत आणि दोघांचं मिळून दवाखान्याचं बिल शेजारच्या एका लॅबपेक्षा कमी येतं.

———

वाघूरकाठ

निंबोळी ताई, राग कसला. मुद्दा पटतो. पण आईला गुडघ्यांचा त्रास आहे, घरात लहान मूल आहे, आणि कुत्रं मोठं झाल्यावर साधारण कसं वागेल याचा आधी अंदाज हवाय. म्हणून जात ठरवली.

———

तापीपार (भुसावळ)

अंदाजच हवा असेल तर तो जातीपेक्षा आईबापावरून बांधावा. भित्र्या, गुरगुरणाऱ्या लॅबच्या पोटीही पिल्लं होतातच की. जाहिरातीत फक्त "लॅब" असं लिहिलेलं असतं.

———

गुरांचा_डॉक्टर (चोपडा)

वीसेक वर्षं गुरांचा दवाखाना चालवतोय, अलीकडे टेबलावर कुत्रीच जास्त येतात. जरा सविस्तर लिहितो. (मिरचीठेचा, डबल बोन म्हणजे जाड हाडापेराचं, विकणाऱ्यांचा शब्द.)

पहिली गोष्ट, पस्तीस दिवसांचं पिल्लू विकणाऱ्याचा नंबर आत्ताच डिलीट करा. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिल्लाला मायक्रोचिप हवी. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, आठ वर्षांनंतर नाही, लागोपाठच्या दोन माजांत नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा विणवायची नाही. आपल्याकडे हे किती जण पाळतात ते मला विचारू नका. पण तुम्ही हे नुसतं विचारलंत तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल.

पस्तीस-चाळीस दिवसांची घाई का असते? कारण त्या सुमाराला आईचं दूध आटतं. मग आठ-नऊ पिल्लांचं खाणं, जंताचं औषध, पहिली लस हा सगळा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येतो. शिवाय त्याच वयात पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं, गिऱ्हाईक लगेच विरघळतं. आणि नेमकं याच आठवड्यांत पिल्लं एकमेकांना चावून, आईचा मार खाऊन, दात किती जोरात लावायचा ते शिकतात. हे शिकायच्या आत उचललेली पिल्लं पुढे पोरांचे हात फोडतात आणि मालक माझ्याकडे येऊन म्हणतो, डॉक्टर, लॅब तर शांत असतो ना?

दुसरी गोष्ट लसीची. कार्ड दाखवतात, त्यावर पेनने तारीख आणि टिकमार्क, बस्स. खऱ्या कार्डावर बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी डॉक्टरचा नोंदणी क्रमांकासह शिक्का आणि सही. ही लस २ ते ८ अंशात ठेवावी लागते. काही जण औषधाच्या दुकानातून बाटल्या आणून स्वतःच टोचतात. एप्रिलमध्ये मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या लसीत काय उरत असेल? मग पिल्लू घरी येतं, चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या, रक्ताची हगवण. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. लागण होऊन लक्षणं दिसायला सहसा तीन दिवस ते आठवडाभर लागतो, म्हणजे बऱ्याचदा ते तिकडूनच घेऊन आलेलं असतं. विकणारा म्हणतो, आमच्याकडे तर टुणटुणीत होतं.

तिसरी गोष्ट, पिल्लू बघायच्या आधी आई बघा. फोटो-व्हिडिओ नको, समोर बघा, आणि शक्यतो पिल्लांसोबत. विण्यानंतर ती थोडी खंगलेली असणार, केस गळलेले असणार, त्यात काही वावगं नाही. पण बरगड्या मोजता येत असतील, ती माणसाला बघून कोपऱ्यात दबत असेल, किंवा "ती आज मळ्यात आहे" असं उत्तर आलं, तर निघा. तिच्या पोटाकडे नजर टाका. पिल्लांची नखं वेळच्या वेळी कापली नाहीत तर दूध पिताना ती आईच्या सडांभोवती ओरबाडतात, लाल रेघाच रेघा दिसतात. नखं कापायचा कंटाळा करणारा माणूस दर पंधरवड्याला जंताचं औषध काय देणार?

———

मिरचीठेचा

डॉक्टर, असा प्रतिसाद लिहायचा म्हणजे आम्ही विनोद करायचे कुठे?

———

भुसावळ_लोको

"दारात आणून देतो" वाल्याबद्दल. रेल्वेत आहे म्हणून सांगतो. कुत्रं आपल्यासोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. पार्सल ऑफिसला रीतसर बुकिंग होतं, पावती मिळते. पण ही पिल्लं तशी येतच नाहीत. येतात खासगी बसच्या डिकीत, बॅगांच्या मध्ये, फळांच्या खोक्याला भोकं पाडून. एकदा पहाटे बायपासला बस थांबली, क्लीनरने खोकं काढून एका पोराच्या हातात दिलं. आत तीन पग होते, दोन हलत होते.

तेव्हा स्वतः जा आणि स्वतः घेऊन या.

———

केळीवाला_रावेर

माझ्या मावसभावाला तर पिल्लूच मिळालं नाही. फोटो गोंडस, भाव निम्मा, "आमची बदली झाली, चांगल्या घरात द्यायचंय". आधी बुकिंगचे पैसे. मग पिंजऱ्याचे. मग विमानतळावर आरोग्य दाखला अडकलाय, त्याचे, आणि हे परत मिळतील बरं का. पैसे गेले, नंबर बंद. नंतर तोच फोटो इंटरनेटवर शोधला तर परदेशातल्या कुठल्यातरी केनेलचा निघाला, मागे बर्फ होता! बर्फ दिसूनही भाऊ म्हणाला, मला वाटलं महाबळेश्वर असेल.

———

अमळनेरकर_काकू

महाबळेश्वरला बर्फ 😂😂

———

खपलीगहू (चाळीसगाव)

डॉक्टरांचं बरंचसं मान्य, पण एका बाबतीत विरोध नोंदवतो. इथे ब्रीडर म्हटलं की लगेच सगळे चोर. माझ्याकडे एक लॅब मादी आहे, घरची, सोफ्यावर झोपणारी. दोनदा विणली. पिल्लं ओळखीत दिली, काही पैसे घेतले, काही तशीच. माझी नोंदणी नाही, केनेलचं नाव नाही, वेबसाइट नाही. पण प्रत्येक पिल्लू घरात माणसांच्या पायांत वाढलं. मिक्सरचा आवाज, फटाके, पाहुण्यांची पोरं, सगळं ऐकून-बघून. तुमचा तो नोंदणीवाला, वीस पिंजऱ्यांचा, माझ्यापेक्षा जबाबदार कसा? कागदावरून माणूस ठरवू नका.

———

तापीपार

खपलीगहू, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. म्हणूनच विचारतो. नर कोणता लावला होता? त्याच्या खुब्यांचा एक्स-रे बघितला होता?

———

खपलीगहू

नर धुळ्याचा, दिसायला एक नंबर. एक्स-रे कोण काढतं हो इथे.

———

तापीपार

तोच तर मुद्दा. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, सगळ्या माद्या फिरून फिरून त्याच दोन-तीन "एक नंबर" नरांकडे जातात. नरवाला पैसे घेतो किंवा एक पिल्लू घेतो. ते पिल्लू मादी असलं तर दोन वर्षांनी तिला परत कोणता नर लागतो? बऱ्याचदा बापच. सोफ्यावर वाढलं तरी रक्त तेच राहतं ना. तुमच्याबद्दल नाही म्हणत, पण जो तो "घरची आहे, एकदा पिल्लं होऊ देऊ" म्हणतो आणि हिशोब कोणीच ठेवत नाही.

कागदाचा उपयोग इथे आहे. केसीआय म्हणजे चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया. त्यांच्या दाखल्यावर तीन पिढ्यांची नावं असतात. आईचा आणि बापाचा दाखला शेजारीशेजारी ठेवा आणि नावं ताडून बघा. दोन्हीकडे तोच आजोबा दिसला तर हसून निरोप घ्या. मात्र कागद वंश सांगतो, तब्येत नाही. खुबे खराब असलेल्या कुत्र्यालाही दाखला मिळतो. आणि हो, चिपचा नंबर दाखल्यावर असतो, तो रीडरने पिल्लाच्या मानेवर तपासून घ्या. कागद एका पिल्लाचा आणि हातात दुसरंच, हा प्रकार जुना आहे.

"कागदाचे वेगळे" म्हणणाऱ्याबद्दल एवढंच, की वेताची नोंदणी ब्रीडरनेच करायची असते. ती झाली असेल तर प्रत्येक पिल्लाचा कागद होणारच. गिऱ्हाईकाने पैसे दिले की कागद उगवतो म्हणजे तो कुठल्यातरी दुसऱ्या वेताचा असायची शक्यता फार.

———

खपलीगहू

बापवाला मुद्दा मी धरला नव्हता, खरंय. पण पिंजऱ्यातल्यापेक्षा घरातलं पिल्लू बरं, हे माझं मत कायम.

———

गुरांचा_डॉक्टर

दोघंही बरोबर आहात, आणि ग्राहकाला दोन्ही हवं : घरात वाढलेलं आणि तपासलेल्या आईबापांचं. खुब्याचा दोष लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये पुष्कळ. पिल्लू लहान असताना काही कळत नाही. सात-आठ महिन्यांचं झालं की सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळतं, जिना चढायला कां-कूं करतं. शंभर टक्के हमी कोणी देत नाही, कारण खाणं, वजन, गुळगुळीत फरशी यांचाही हात असतो. पण आईबापाचे खुबे चांगले असतील तर धोका खूप कमी होतो. एक्स-रे जळगाव, नाशिक, अकोल्याला निघतो, भूल देऊन काढला तर नीट दिसतो. लॅबमध्ये हळूहळू आंधळेपण आणणारा एक आनुवंशिक आजारही आहे, त्याची डीएनए तपासणी गालातल्या बोळ्यावरून होते. याबद्दल विचारल्यावर "हो, केलीय, रिपोर्ट दाखवतो" म्हणणारा भेटला तर त्याचा पत्ता मलाही कळवा.

अजून एक. "मादीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, नाहीतर आजारी पडते" हे रोज ऐकतो. तसं काही नाही. हं, न विणलेल्या आणि नसबंदीचं ऑपरेशनही न केलेल्या म्हाताऱ्या माद्यांमध्ये गर्भाशयात पू होऊ शकतो, पण त्यावर खात्रीचा उपाय ऑपरेशन, बाळंतपण नव्हे.

———

आबा_शिरपूर

धागा सगळा वाचला. तुम्ही पोरं कागद, चिप, एक्स-रे म्हणता, चांगलं आहे. आमच्या वेळची रीत सांगतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार पहिल्या दिवशी घोड्याकडे बघतच नाही. तो मालकाच्या राहुटीत बसतो, चहा घेतो, मालक आपल्या जनावराशी कसा बोलतो ते ऐकतो, रात्री दावणीला काय टाकतो ते बघतो. घोड्याचे दात दुसऱ्या दिवशी. कुत्र्याचंही तसंच करा. एकदा सांगून जा, एकदा न सांगता जा.

आता अवांतर. लॅब, लॅब काय करता रे? साक्रीकडच्या ठेलाऱ्यांच्या मेंढरांमागे चालणारी कुत्री बघितलीत का कधी? गळ्यात खिळ्यांचा पट्टा, लांडगा आला तर पाठ दाखवत नाहीत. आणि कारवानी! मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जपलेली जात, ती तर आपल्या दख्खनचीच. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. माझ्याकडे होता एक, नाव तीर. सशामागे लागला की तूर आडवी व्हायची.

———

मिरचीठेचा

आबा, वन खातं वाचत असेल. "सशामागे लागला की" हे स्वप्नात म्हणा.

———

आबा_शिरपूर

स्वप्नातच रे. चाळीस वर्षांपूर्वीचं स्वप्न.

———

निंबोळी

आबांच्या प्रतिसादावर टाळ्या. देशी जातच घ्यायची तर मुधोळला, बागलकोट जिल्ह्यात, सरकारी संशोधन केंद्र आहे. पण तिथेही रांग असते आणि घर फ्लॅट असेल तर कारवानी घेऊ नये, त्याला पळायला रान लागतं. फ्लॅटमध्ये कोंडून ठेवलेला मुधोळ म्हणजे सोफ्याचा भुसा.

———

केळीवाला_रावेर

देशीची वरात निघालीच आहे तर विचारतो, आमच्याकडे एका बागायतदाराने हस्की आणलाय. मे महिन्यात त्याच्यासाठी वेगळी एसी खोली. मजुरांना झाडाखाली, कुत्र्याला एसी. लाईट गेली की जनरेटर. हस्की विकणाऱ्याने त्याला काहीच विचारलं नसेल का, की रावेरला ४५-४६ अंश होतात?

———

अमळनेरकर_काकू

विचारलं असेल ना. "कॅश का ऑनलाइन?"

———

गुरांचा_डॉक्टर

काकू, सिक्सर.

पण हीच खरी खूण आहे. चांगला ब्रीडर तुमचीच मुलाखत घेतो. दिवसा घरात कोण असतं, कुत्रं उन्हाळ्यात कुठे झोपणार, गावाला गेलात तर कोण बघणार, आधी कुत्रं होतं का आणि त्याचं काय झालं. काही जण तर साफ नाही म्हणतात. आणि त्याच्याकडे पिल्लं बारा महिने तयार नसतात. कुत्रीला गाभणकाळ साधारण ६३ दिवस, वर आठ आठवडे, म्हणजे लावल्यापासून पिल्लू तुमच्या हाती यायला चार महिने. त्यात मादीला दर माजाला लावायचं नाही. ज्याच्याकडे कधीही जा, पाच जातींची पिल्लं "स्टॉकमध्ये", तो ती दुसरीकडून उचलून आणतो. त्याला आईचा पत्ताच माहीत नसतो, दाखवणार काय?

———

वाघूरकाठ

मंडळी, मनापासून आभार. मधे बरेच दिवस आलो नाही कारण शोध चालू होता. दुकानवाल्याला आई दाखवा म्हटलं, तो म्हणाला, "साहेब, आईला न्यायचंय का पिल्लाला?" तो विषय तिथेच संपला. दारात आणून देणाऱ्याला म्हटलं मीच येतो, तर पत्ता रोज बदलायला लागला.

शेवटी नाशिककडच्या एकांकडे जाऊन आलो. आबांचं ऐकून वेळ सकाळची सांगितली आणि गेलो दुपारी. बाई स्वतःच पाईपने फरशी धूत होत्या. वास होता, पण फिनेलचा नाही, कुत्र्यांचाच, ताजा. सहा मोठे लॅब, तीन म्हाताऱ्या माद्या, त्यांचं विणणं कधीच थांबवलंय, तरी तिथेच सांभाळतात. त्यातली एक माझ्या बुटावर हनुवटी टेकवून झोपली. पिल्लांची आई येऊन मला हुंगून गेली आणि पुन्हा जाऊन आडवी झाली. तिच्या पोटावर ओरखडे नव्हते (डॉक्टर, मी वाकून बघितलं, बाई हसल्या). पिल्लांची नखं कापलेली. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर आणि वहीत रंगानुसार रोजचं वजन.

मला म्हणाल्या, या वेतातलं सगळं ठरलेलं आहे, पुढचं वेत दिवाळीनंतर. वर माझीच झडती. आईच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, मग तुम्हाला यातलं सगळ्यात शांत पिल्लू देईन, निवड माझी असेल, तुमची नाही. लेखी करार करतात : न जमल्यास कुत्रं दुसऱ्याला द्यायचं नाही, त्यांनाच परत करायचं, कितीही वर्षांनी. घेतल्यावर तुमच्या डॉक्टरांकडून तीन दिवसांत तपासून घ्या, काही निघालं तर परत. मंडळाची नोंदणी भिंतीवर लावलेली.

खटकलं ते एवढंच : आईच्या खुब्यांचा एक्स-रे दाखवला, नराचा नाही. नर पुण्याचा, दुसऱ्याच्या मालकीचा. म्हणाल्या, मालकाने चांगला आहे असं सांगितलंय. डीएनए तपासणी नाही. ॲडव्हान्स थोडा मागतात, पावती देतात. काय करू?

———

तापीपार

थांबा. दिवाळीनंतर म्हणजे नर लावायला वेळ आहे. बाईंना सांगा, नराचा एक्स-रे मागवा, नाहीतर तपासलेला नर लावा. तुमच्यासारखे चार जण मागायला लागले तर त्या मागवतील. ॲडव्हान्स त्यानंतर.

———

खपलीगहू

मी असतो तर डोळे मिटून घेतलं असतं. म्हाताऱ्या माद्या सांभाळणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच ऐकतोय. सगळे विणणं संपलं की कुठेतरी "फार्महाउसवर" देतात. नराच्या एका एक्स-रेसाठी अशी जागा हातची घालवू नका.

———

गुरांचा_डॉक्टर

माझा कौल दोघांच्या मधे. जागा सोडू नका, एक्स-रेही सोडू नका. बाईंनी "चांगला आहे असं सांगितलंय" म्हटलं, "चांगला आहे" म्हटलं नाही, हा फरक मला आवडला. ॲडव्हान्सच्या पावतीवर लिहून घ्या की नराचा रिपोर्ट दाखवल्यावरच व्यवहार पक्का, नाहीतर रक्कम परत. खरी असतील तर त्यांना राग येणार नाही.

दिवाळीनंतरचं पिल्लू म्हणजे उत्तमच. थंडीत घरी येईल, सोळा आठवड्यांपर्यंतच्या लसी उरकतील, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. मे उजाडेपर्यंत अंगात जोर आलेला असेल. तोपर्यंत घरातली फरशी बघून ठेवा. गुळगुळीत टाईल्स असतील तर जुन्या सतरंज्या जमवा.

———

निंबोळी

मी अजूनही दत्तकवालीच. पण विकत घ्यायचंच असेल तर असं घ्या, हे मान्य करते. आणि दिवाळीपर्यंत वेळ आहे ना, तर तोवर आमच्याकडे येऊन मुलीला रविवारी कुत्र्यांची अंघोळ, शी-शू, नखं हे सगळं करू द्या. हौस टिकते का तेही कळेल. धुळं काही लांब नाही.

———

वाघूरकाठ

ताई, नक्की येतो. बाईंना फोन केला होता. रिपोर्टची अट सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत, मलाही त्यांच्याकडे मागायला निमित्त मिळालं." पुण्याहून काय येतंय ते बघू. नाही आलं तर त्या दुसरा नर शोधणार आहेत, मग कदाचित होळीपर्यंत थांबावं लागेल. मुलीला अजून हे सांगितलेलं नाही, ते काम आईकडे दिलंय.

———

आबा_शिरपूर

होळीपर्यंत थांबतोसच तर नाव चांगलं ठेव. ब्रूनो, टायसन, रॉकी गल्लीत सतरा आहेत.

———

नवखा_नंदुरबार

नमस्कार, नवीन सदस्य आहे. पगचं पिल्लू घ्यायचं आहे. चाळीस दिवसांचं, डबल बोन आहे, भाव कमी करून देतोय. आजच सांगा म्हणतोय. कोणी मार्गदर्शन करेल का?

———

मिरचीठेचा

डॉक्टर, या पटकन.

———

गुरांचा_डॉक्टर

नवखा, आधी फोन ठेवा, मग हा धागा वरून वाचा. पगचं नाक बसकं, त्याला धाप टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. नंदुरबारच्या उन्हात दुपारी थोडा वेळ बाहेर राहिला तरी जिवावर बेतू शकतं. नाकपुड्या मिटलेल्या आहेत का, झोपेत घोरतं का, आईला थोडं पळवल्यावर घशातून घरघर येते का, हे स्वतः जाऊन बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि चाळीस दिवसांचं तर नाहीच.